मैदानावरची शिडं

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी संगीत महोत्सवाच्या समितीत गेले. गाण्याची ओढ होती म्हणून गेले असं सांगायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. संध्याकाळी घरी जायचं नव्हतं, म्हणून गेले.

तेव्हा मी अंधेरीला, स्टेशनच्या पश्चिमेला, एका चाळीत दोन खोल्यांत राहत होते. साठच्या दशकाची शेवटची वर्षं. माझं वय तेहतीस. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वडील गिरणीत होते; मी एकोणीस वर्षांची असताना ते गेले आणि माझं गाणं शिकणं तिथेच थांबलं. पुढे आईला अर्धांगवायू झाला. सहा वर्षं ती पलंगावर होती. सकाळी तिचं सगळं आवरून मी निघायची, दिवसा शेजारच्या काकू अधूनमधून डोकावायच्या, आणि ऑफिस सुटलं की मी जवळजवळ धावतच घरी. त्या सहा वर्षांत मी एकाही दुकानासमोर उगाच म्हणून उभी राहिले नाही. मग थंडीतल्या एका सकाळी आई गेली, आणि अचानक माझ्या हातात इतका वेळ आला की त्याचं काय करायचं तेच कळेना.

चाळीतली माणसं चांगली होती. तेरा दिवस कुणी ना कुणी ताट झाकून आणून द्यायचं. नंतर सगळे आपापल्या कामाला लागले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत मी दूधवाला सोडून कुणाशीच बोलत नसे. एका रविवारी संध्याकाळी मला शिंक आली आणि त्या आवाजाने मीच दचकले. दिवसभरातला माझा तो पहिला आवाज होता.

सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर मार्च महिन्यात एक हाताने लिहिलेला कागद लागला. ‘दिवसाच्या रागांचा तीन दिवसांचा महोत्सव. मे महिन्यात, खुल्या मैदानावर. कार्यकर्ते हवेत.’ मी वाचनालयाच्या बाईंकडे नाव दिलं आणि रविवारी सकाळी बैठकीला गेले. वाचन-कक्षात सात पुरुष बसले होते. मी दारात उभी राहिले, तेव्हा त्यातल्या एकाने मला चहाचं विचारायला आलेली समजून “सात कप सांगा” असं म्हटलं. मी चहा सांगून आले आणि मग खुर्ची ओढून बसले. तो गृहस्थ एवढा ओशाळला की पुढे तीन महिने माझ्याशी धड बोलला नाही.

कार्यवाह उंच, वाळकुडे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते. छत्री घेतल्याशिवाय ते कधी दिसायचे नाहीत. महोत्सवाची कल्पना त्यांचीच. त्या पहिल्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, “बाई, सारंग ऐकलाय का कधी?”

“ऐकलाय. रेडिओवर.”

“रेडिओवर नव्हे हो. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, गवयासमोर बसून?”

“नाही.”

“कुणीच ऐकलेला नाही,” ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. “आपल्या मैफली संध्याकाळनंतरच्या. तोडी, सारंग, भीमपलासी, हे राग शिकवणीच्या खोलीत जन्माला येतात आणि तिथेच राहतात. मला ते त्यांच्या वेळेला ऐकायचेत. सकाळी सातला सुरू करायचं आणि सूर्य बुडाला की थांबायचं. तीन दिवस.”

“पण मे महिन्यात?” कुणीतरी म्हणालं.

“मेमध्येच. गवई सुट्टीवर असतात, मास्तर सुट्टीवर असतात, शाळेचं मैदान मोकळं असतं. आणि सारंगाला ऊन नको तर काय हवं?”

कामं वाटली गेली. पत्रिका, वर्गणी, गवयांची ने-आण, लाउडस्पीकर. सगळं संपल्यावर कार्यवाहांनी यादीत शेवटी लिहिलं : पाणी आणि सावली – बाई. मला वाटतं ते त्यांनी उरलेलं काम म्हणून दिलं होतं. पण घरी येताना माझ्या लक्षात आलं, की खुल्या मैदानावर मे महिन्यात दुसरं कामच नाही. हीच दोन कामं.

मी ते फार मनावर घेतलं. इतकं मनावर घ्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पाण्याचं सोपं होतं. मैदानाच्या कोपऱ्यात विहीर होती, उन्हाळ्यातही पाणी टिकणारी. कुंभाराकडून चोवीस माठ आणले, ते दोन-दोन दिवस भिजवून मातीचा वास घालवला. माठाखाली घालायला वाळू आणून ठेवली. वाळ्याच्या मुळ्यांच्या जुड्या बांधल्या. या सगळ्यात कुणाची मदत मागावी असं मला सुचलंच नाही. सहा वर्षांत मागायची सवय गेली होती.

सावलीचं काम मात्र शिकावं लागलं. स्टेज कुठे घालायचं, गवयाच्या डोळ्यांत ऊन कधी येईल, मंडळी कुठे बसतील, हे कुणालाच नक्की सांगता येईना. म्हणून मी एप्रिलपासून दर रविवारी मैदानात जाऊन बसू लागले. मध्यभागी एक बांबू रोवला. दर अर्ध्या तासाला त्याच्या सावलीच्या टोकाशी चुन्याची एक रेघ ओढायची आणि वहीत वेळ लिहायची. सकाळी सात ते संध्याकाळी सात. सोबत पाण्याची बाटली, डब्यात दही-पोहे आणि आईची छत्री. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून बायका बघायच्या. एकदा एकीने वरून ओरडून विचारलंच, “अहो, काही हरवलंय का?”

“नाही, सावली मोजतेय,” मी म्हटलं. ती आत गेली आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर आली.

मे उजाडला तशी बांबूची दुपारची सावली आखडत गेली. मधल्या एका रविवारी साडेबारा वाजून गेल्यावर मी चुना घेऊन उठले, तर सावली नव्हतीच. बांबू सरळ उभा आणि त्याच्या बुडाशी काहीच नाही. मी माझ्याकडे पाहिलं. माझीही सावली पायांखाली गेली होती. मैदानात चिटपाखरू नव्हतं. शाळा बंद, रस्ता सामसूम, गॅलऱ्यांतले पडदे ओढलेले. त्या क्षणी मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. भीती नव्हती. मी इथे आहे हे कुणाला कळण्याची काही खूणच उरली नाही, असं काहीसं वाटलं. मी छत्री उघडली, तेव्हा जमिनीवर छत्रीएवढा एक काळा गोल पडला आणि मी त्यात उभी राहिले. मग वहीत लिहिलं, ‘साडेबारा : सावली नाही.’

त्या नोंदींवरून ठरलं, की स्टेज दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून घालायचं. गवयाचं तोंड उत्तरेला. म्हणजे सकाळचं ऊन उजव्या अंगाला, संध्याकाळचं डाव्या, डोळ्यांत कधीच नाही. कार्यवाहांनी वही चाळली, दोनदा चाळली, आणि “छान” म्हणाले. मला पुढचे दोन दिवस तो शब्द पुरला.

महोत्सवाला आठवडा उरला असताना मांडववाल्याने हात वर केले. लग्नसराई होती, आमच्यासाठी ठेवलेलं सगळं कापड त्याने एका मोठ्या लग्नाला दिलं होतं. बांबू देतो म्हणाला, कापड नाही. दुसरीकडे विचारलं तर सगळीकडे लग्नंच. तातडीची बैठक बसली. एकजण म्हणाला, दुपारचा भाग रद्द करा. दुसरा म्हणाला, सगळंच पुढे ढकला. कार्यवाह टेबलावर ठेवलेल्या छत्रीच्या मुठीवरून नुसता अंगठा फिरवत होते. दुपार काढून टाकली तर त्यांचा महोत्सवच गेला, हे त्या खोलीत बहुधा मलाच समजत होतं.

मी म्हटलं, “वेसाव्याला शिडं असतील.”

बैठकीत आपणहून बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कसली शिडं?”

“होड्यांची. आता बऱ्याच होड्यांना इंजिनं लागलीत. जुनी शिडं घरांत पडून असतील. जाड कापड असतं, आणि मोठं. सहा-सात मिळाली तरी मैदान झाकेल.”

“आणि ती कोण देणार आपल्याला?”

“विचारून बघते,” मी म्हटलं. कुणाला विचारणार हे मात्र सांगितलं नाही, कारण तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

वेसाव्याची एक कोळीण आमच्या चाळीत वर्षानुवर्षं मासळी घेऊन येत असे. आमच्या दारात तिचा मुक्काम सगळ्यात लांब. आई तिच्याशी मालवणीत भांडायची आणि ती आईशी कोळी बोलीत. दोघींना त्याचं सुख होतं. आई पलंगाला खिळल्यावरही ती पाटी घेऊन सरळ आत यायची, पलंगाशी बसून आईला मासळी दाखवायची, म्हणायची, “बघ, अजून उडतंय.” आई गेल्यावर ती आली, तेव्हा मी दार उघडलं नाही. एकटीसाठी काय मासळी करायची, हे एक कारण. पण खरं कारण असं, की ती रडली असती आणि मग मलाही रडावं लागलं असतं. ती हाका मारायची, मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहायची. चारपाच वेळा आली. मग यायची थांबली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली आणि बसने वेसाव्याला गेले. दुपारचे तीन. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी, वाळूत उलथून ठेवलेल्या होड्या, आणि वाळू अशी तापलेली की चपलेतून चटका बसावा. विचारत विचारत तिच्या घरी पोचले. ती ओट्यावर बसून जाळं विणत होती. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

“आयशी मेल्यावर आज तोंड दावतेस?” ती म्हणाली.

मी चपला काढून ओट्याच्या सावलीत उभी राहिले.

“मी चारदा आयली तुज्या दारान. रेडिओ वाजत व्हता आतून. मना काय कलत नाय?”

“मी आतच होते,” मी म्हटलं. “दार उघडलं नाही.”

“ठाव हाय ना मना. मंग आता कशाला आयलीस?”

मी सांगितलं. गाणं, मैदान, मांडववाला, ऊन. सांगता सांगता माझं मलाच ते हास्यास्पद वाटायला लागलं. माझं संपल्यावर तिने जाळं बाजूला ठेवलं आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. “पी आधी. तोंड कसा झाला बघ.”

मी पाणी पीत असताना ती म्हणाली, “माजा मानूस पन गेला. ठाव हाय का तुला?”

मला ठाऊक नव्हतं.

“शिमग्याच्या आधी. तुज्या आयशीच्या मागून दोन महिन्यांनी. तेच सांगाला आयलेली शेवटच्या खेपेला. तू दार नाय उघडलास.”

‘चुकलं माझं’ म्हणाले असेन, नसेनही. मला एवढंच आठवतं, की मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले आणि आम्ही दोघी समोरच्या उलथ्या होडीकडे बघत राहिलो. रडलं कुणीच नाही.

शेवटी तीच उठली. माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “शीड हाय त्याचं. पोरांनी इंजिन लावल्यापासून वरच हाय. पन एक सांगतंय, कापायचं नाय, भोकं पाडायची नाय, चपला घालून वर पाय ठेवायचा नाय.”

“नाही ठेवणार.”

“एकानं काय व्हनार तुमचं? चल.”

ती मला घेऊन कोळीवाड्यात घरोघर फिरली. प्रत्येक दारात मला बाहेर उभी करून स्वतः आत जायची. आतून आधी हसण्याचा आवाज यायचा, मग तिचा चढलेला आवाज, मग शांतता. एका घरात म्हाताऱ्याने बाहेर येऊन मला विचारलं, “शिडाखाली कोन गानार? दर्यात जानार का तुमी?” उन्हं उतरेपर्यंत सात शिडं कबूल झाली होती. वर तिच्या दोन पुतण्यांनी बांधायला यायचं कबूल केलं. दर्यावर हयात काढलेली ती दोन मिशाळ माणसं म्हणाली, शीड बांधणं मांडववाल्याचं काम नाही.

बर्फाच्या टेंपोतून शिडं मैदानावर आली आणि वास पसरला. मीठ, मासळी, तेल, वर्षानुवर्षांचा दर्या. बैठकीत मला चहा सांगायला लावणारे गृहस्थ नाकाला रुमाल लावून उभे राहिले. “ह्याखाली माणूस तोडी गाणार? श्वास कुठून घेणार तो?” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कार्यवाहांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “धुते.”

मी महोत्सव संपेपर्यंत रजा टाकली. रिठे भिजवले, ते पाणी बादलीत घेऊन शिडं जमिनीवर पसरून खराट्याने घासायला लागले. विहिरीचं पाणी शेंदायचं, ओतायचं, घासायचं. मोठं शीड आमच्या दोन खोल्यांहून मोठं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत कसंबसं दीड शीड झालं. उन्हाने पाठ भाजत होती, हाताला फोड आले होते, आणि मला ते बरं वाटत होतं, हे कबूल करते. दमल्यावर माणूस विचार करत नाही. घासता घासता मी काहीतरी गुणगुणत होते. कितीतरी वर्षांनी. आवाज कोरडा झाला होता, निषाद लागत नव्हता. लक्षात आल्यावर मी गप्प झाले.

“काय करतंस गो हे?”

ती मैदानाच्या फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती. पाटी रिकामी करून थेट आली होती. ओल्या शिडाजवळ वाकून तिने कापड चिमटीत धरलं.

“पान्यानं जानार हाय का तो वास? दर्याचं पानी खाल्लंय यानी वीस वरसं. वर बांध. वारा लागूं दे, ऊन लागूं दे. दोन दिसान काय नाय उरनार.”

“आणि नाही गेला तर?”

“मंग तुमच्या गवयाला सांग, नाक धरून गा.” आणि ती हसली. तोंडाचं बोळकं उघडून, पोट धरून हसली. मीही हसले. माझं हसणं मला अनोळखी वाटलं.

तिचे पुतणे त्याच दुपारी आले. बांबू रोवले, दोर टाकले, आणि बघता बघता शिडं वर चढली. त्यांच्या गाठी मी पहिल्यांदाच पाहत होते. एका झटक्यात बसायच्या आणि एका झटक्यात सुटायच्या. शिडं एकमेकांवर थोडी चढवून, मध्ये वारा जायला फटी ठेवून त्यांनी बांधली. दोन दिवस ती तशीच उन्हात आणि वाऱ्यात राहिली. तिसऱ्या दिवशी मी खाली उभी राहून दीर्घ श्वास घेतला. वास होता, पण लांबून यावा तसा. समुद्रावर फिरायला गेल्यावर येतो, तेवढाच. रुमालवाल्या गृहस्थांनीही रुमाल खिशात ठेवला.

बाजूंना वाळ्याचे पडदे सोडले, शतरंज्या अंथरल्या, माठ भरून ओळीने ठेवले. महोत्सव सुरू झाला.

पहिल्या सकाळी जेमतेम साठ माणसं होती. गर्दी होईल, आपण माणसांत असू, असं मी तीन महिने मनाशी धरून होते. माणसं जोडीने आली, घरच्यांसोबत आली, जागा धरून बसली, एकमेकांना पंख्यांनी वारा घातला. माझ्याकडे आली ती पाण्यासाठी. “बाई, पेला.” “बाई, इथे जरा पाणी.” मी माठांमागे उभी होते आणि घरी रविवारी असायची तेवढीच एकटी होते. मला त्याचं नवल वाटलं. मग वाटलं, ह्यात नवल कसलं? माणसांमध्ये उभं राहिल्याने आपण त्यांच्यातले होत नाही.

दुपारी मात्र जे झालं ते मी विसरणार नाही. बाराच्या सुमाराला एक वयस्क गवई सारंग गायला बसले. उकाड्याने तंबोरे सारखे उतरत होते, ते दोनदा थांबून तारा लावून घेत होते. चेहरा घामाने निथळत होता. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला. सातही शिडं एकदम फुगली. दोर ताणले, बांबू कुरकुरले आणि सगळं छत वर उचललं गेल्यासारखं झालं. लोक घाबरून वर बघायला लागले. गवई थांबले. त्यांनीही वर पाहिलं. वारा थोडा ओसरला, शिडं हळूहळू खाली आली, पुन्हा भरली. ते माइकमध्ये म्हणाले, “कुणी बांधलंय हे?” मी ते माठांमागून ऐकलं. त्यांनी डोळे मिटले आणि षड्ज लावला, आणि त्यानंतर तासभर त्या वाऱ्याच्या लयीतच गायले. कार्यवाह पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. भर दुपारचा सारंग त्यांना मिळाला होता.

कोळीण तिसऱ्या दिवशी दुपारी आली. हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. गजरा बघून मी चमकले तसं ती म्हणाली, “बघतंस काय? लोकांना बोलूं दे. त्याला आवडायचा.” ती शतरंजीवर बसली नाही. माझ्याजवळ, माठांमागे बसली, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की ती गवयाकडे बघतच नव्हती. मान मागे टाकून वर शिडाकडे बघत होती.

“ते आपलं,” तिने बोट केलं. “मधलं. ते ठिगळ दिसतं? त्यानं शिवलं. मी सुई ओवून द्यायची. त्याला दिसायचं नाय ना जवलचं.”

एक बाई भीमपलासी गात होती. चार वाजले असावेत. आणि त्याच वेळी माझे हात आपोआप पुढे झाले. सुट्टीच्या दिवशी मी दुपारी चारला आईची कूस बदलायची. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. सहा वर्षं. हातांना ते अजून ठाऊक होतं. मी रिकामे हात पुढे करून उभी राहिले, आणि मग इतके महिने जे रडू आलं नव्हतं ते आलं. मी माठांमागे खाली बसले. पदराचा बोळा तोंडात धरला. कोळणीने माझ्याकडे पाहिलं. फक्त आपला एक पाय थोडा सरकवला, म्हणजे मला तिच्या गुडघ्याला टेकता यावं. समोर कुणीतरी “बाई, पाणी” म्हणालं. तिने उठून माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि दिलं.

सूर्य बुडताना शेवटचं गाणं संपलं. कार्यवाह आभार मानायला उभे राहिले. गवयांचे, वर्गणीदारांचे, शाळेचे, लाउडस्पीकरवाल्याचे त्यांनी नाव घेऊन घेऊन आभार मानले. मांडवाला कोळी बांधवांचं साहाय्य झालं असंही म्हणाले. आणि शेवटी : “पाण्याची उत्तम व्यवस्था पाहणाऱ्या आमच्या बाई.” त्यांना माझं नाव आठवलं नाही. तीन महिन्यांत कुणी विचारलंही नव्हतं. टाळ्या वाजल्या. कार्यवाहांचा मला राग आला नाही, कारण ते खरोखरच आनंदात होते.

रविवारी सकाळी पुतणे शिडं उतरवायला आले. आम्ही घड्या घातल्या. ती स्वतःच्या शिडाचा एकेक पदर हाताने सारखा करत होती. टेंपोत बसताना म्हणाली, “येत जा कधी. मासळीसाठी नको, अशीच ये.” मी “येईन” म्हटलं, आणि त्या वर्षी दोनदा गेलेही. मग तिची मुलं तिला घेऊन सातपाटीला गेली, तिच्या माहेरच्या गावाला, आणि मला कळलं तेव्हा घराला कुलूप होतं.

महोत्सव पुन्हा झाला नाही. पुढच्या वर्षी कार्यवाहांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला आणि त्यांच्याशिवाय दिवसाच्या रागांचा आग्रह धरणारं कुणी नव्हतं. मैदानाच्या निम्म्या भागावर सत्तरनंतर शाळेची नवी इमारत उठली.

पण मला आठवतो तो महोत्सवानंतरचा सोमवार. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर हिशेबनीस बाई बसायच्या. माझे काळवंडलेले हात आणि तळव्यांवरचे फोड बघून त्यांनी विचारलं, “कुठे गेला होतात सुट्टीत? गावी?”

मला सगळं सांगावंसं वाटलं. शिडं, सारंग, गजरा, ठिगळ. मी तोंड उघडलं. पण कुठून सुरुवात करायची ते सुचेना, आणि त्यांच्यासमोर पत्रांचा गठ्ठा होता.

“इथेच होते,” मी म्हटलं. “ऊन फार होतं हो यंदा.”

“ते तर आहेच,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी कामाला लागलो.